मधले पद : सिंधुदुर्गातल्या रोजच्या जोडशब्दांविषयी

सिंधुदुर्ग किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर; संस्कृत ‘वापी’पासून आलेला हा शब्द मालवणी बोलीत आजही रोजचा आहे. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटाचा खडक, चारी बाजूंनी खारा दर्या, त्या खडकावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाचा चिरा बसला आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. अशा जागी पिण्याजोगे पाणी असणे ही तिथल्या शिबंदीच्या लेखी केवढी मोठी गोष्ट होती, हे या तीन नावांवरून कळते. शब्दशः पाहिले तर एक विहीर दुधाची, एक दह्याची, एक साखरेची. प्रत्यक्षात तिन्हींत पाणीच. पण दूध, दही आणि साखर ही पंचामृतातली तीन द्रव्ये आहेत. खाऱ्या पाण्याच्या वेढ्यातल्या गोड्या पाण्याला नाव देताना लोकांच्या तोंडी पूजेतले पदार्थ आले.

एवढा आशय त्या शब्दांत कुठे आहे? ‘दूध’ आहे आणि ‘बाव’ आहे. ‘जिचे पाणी दुधासारखे गोड लागते ती’ हा मजकूर मधून गाळलेला आहे. तो गाळला, कारण ज्यांनी नाव ठेवले त्यांनी ते पाणी प्यालेले होते. त्यांना तो एकमेकांना सांगावा लागत नव्हता. पुढे दिलेला संग्रह अशा गाळलेल्या मजकुराचा आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड, कुडाळ, सावंतवाडी या भागांत रोज तोंडी असलेले जोडशब्द त्यात घेतले आहेत, प्रत्येकाचा शब्दशः अर्थ दिला आहे, आणि त्यापुढे त्या दोन पदांच्या मधोमध काय होते ते लिहून ठेवले आहे.

मराठी व्याकरणात अशा समासाला मध्यमपदलोपी म्हणतात. शाळेत आपण सगळे तो पुरणपोळी आणि साखरभात या उदाहरणांवर शिकलो: पुरण घालून केलेली पोळी, साखर घालून केलेला भात. पाणिनीपासून चालत आलेली अव्ययीभाव, तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीही ही चौकट मराठीनेही स्वीकारली. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांनी ती मराठीच्या अंगाने तपासली. चौकट भक्कम आहे. पण तिच्या आधारे विग्रह करायला बसले की एक मर्यादा लगेच जाणवते. मधले पद गळले आहे, एवढे व्याकरण सांगते. ते पद कोणते होते, हे त्याला सांगता येत नाही. ते स्वयंपाकघरातल्या बाईला ठाऊक असते, रापणीचे जाळे ओढणाऱ्याला ठाऊक असते, देवळातल्या गुरवाला ठाऊक असते. या प्रस्तावनेत मला मांडायचे आहे ते एवढेच: जोडशब्दाची दोन टोके भाषेत असतात, मधले पद गावाच्या व्यवहारात असते. व्यवहार थांबला की शब्द कोशात राहतो आणि मधला अर्थ जातो.

स्वयंपाकघरापासून सुरुवात करू. पोळी हे एकच उत्तरपद घ्या. पुरणपोळीत पुरण पोळीच्या पोटात असते. तेलपोळीत तेल पोटात नसते. ती तेलावर लाटतात. फणसपोळीत तर पीठच नाही, आणि ती तव्यावरही चढत नाही. रसाळ फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढायचा, ताटाला तुपाचा हात लावून तो पातळ पसरायचा, उन्हात एका अंगाने वाळला की उलटायचा. शेवटी चिवट, लवचिक असा जो पापुद्रा सुटून येतो ती फणसपोळी. आंबोळीत आंबा नाही. ‘आंब’ म्हणजे आंबट. भिजवून, वाटून रात्रभर आंबवलेल्या पिठाची ही पोळी, आणि बोलण्याच्या ओघात ‘पोळी’तला ‘प’ झिजून ‘ओळी’ उरली. खापरोळीत तीच ‘ओळी’ आहे, पण तिचे पहिले पद पदार्थाचे नसून भांड्याचे आहे: खापरावर घातलेली जाड, जाळीदार पोळी, नारळाच्या गोड रसात बुडवून खायची. पाच शब्द, पाचांचे शेवटचे पद एक, आणि मध्ये गाळलेल्या क्रिया पाच वेगवेगळ्या: भरणे, लाटणे, वाळवणे, आंबवणे, भाजणे. ज्याने यातले काहीच पाहिलेले नाही, तो पुरणपोळीच्या नमुन्यावर फणसपोळीचा विग्रह ‘फणस घालून केलेली पोळी’ असा करील. व्याकरणाच्या दृष्टीने त्याचे काही चुकणार नाही. पदार्थ मात्र त्याच्या हाती लागणार नाही.

कोकमाचे शब्द याहून बोलके आहेत. कोकमाच्या फळाला आपल्याकडे भिरंड म्हणतात आणि रातांबाही म्हणतात. या ‘रात’चा रात्रीशी संबंध दिसत नाही. जुन्या मराठीत ‘राता’ म्हणजे तांबडा. ‘रातोत्पळ’ म्हणजे तांबडे कमळ. पिकल्यावर गडद लाल होणाऱ्या या फळाच्या नावातही तोच रंग असावा. फळ फोडून बी काढली की उरते ती साल, म्हणजे सोल. आमसूल म्हणजे आंबट सोल. पण नुसती साल वाळवली तर आमसूल होत नाही. मीठ घातलेल्या कोकमाच्याच रसात ती बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची; अशी रसाची पुटे चढत गेली की तिला तो काळसर तांबडा रंग आणि टिकाऊपणा येतो. हे पुटे चढवण्याचे सगळे काम ‘आमसूल’ या चार अक्षरांत गृहीत धरलेले आहे. सोलकढीत आणखी एक गमतीचा पेच आहे. ‘कढी’ या शब्दाच्या मुळाशी कढवणे आहे. ताकाची कढी आपण चुलीवर ठेवतोच. सोलकढी मात्र नारळाच्या कच्च्या रसात कोकमाचे आगळ, म्हणजे खारवलेला रस, मिसळून केली की झाली, तिला विस्तव लागत नाही. कढीशी तिचे नाते कृतीचे नाही. भाताबरोबर वाढायची, भातावर घ्यायची, वाटीने प्यायची, या ताटातल्या जागेचे ते नाते आहे.

आणि बिया? त्याही वाया जात नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की तेल वर येते, आणि ते निवले की घट्ट होते. ते मुठीत वळून त्याचे गोळे करतात. म्हणून त्याचे नाव मुठेल: मूठ अधिक तेल. टाचांच्या भेगांना लावायला मुठेलचा गोळा कोकणातल्या घरात हमखास असायचा. आता त्याच्या शेजारी इतर तेलांची नावे ठेवून पाहा. खोबरेल खोबऱ्याचे, एरंडेल एरंडाचे, उंडेल उंडीच्या बियांचे. या तिन्हींत पहिले पद सांगते की तेल कशातून निघाले. मुठेलचे पहिले पद सांगते की ते हातात कसे आले. ज्याने मुठेल वळताना पाहिलेले नाही त्याने ‘मूठ’ नावाच्या एखाद्या झाडाचा शोध घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. आणखी एक पायरी खाली उतरले तर ‘तेल’ या शब्दातच तीळ आहे. तैल म्हणजे मुळात तिळाचे ते. तेव्हा खोबरेल म्हणजे, पार मुळाशी जाऊन, खोबऱ्याचे तिळतेल. त्यावर आपण पुन्हा ‘खोबरेल तेल’ म्हणतो. ही चूक मानायचे कारण नाही. सांधा इतका झिजला की आतले तेल ऐकू येईनासे झाले, आणि भाषेने ते बाहेरून पुन्हा जोडले.

किनाऱ्यावर आले की हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. मिठागर म्हणजे मीठ अधिक आगर. आगर हा शब्द कोकणात माडापोफळींच्या बागेलाही लावतात. मिठालाही तोच लावला, कारण काम त्याच जातीचे: जमीन आखायची, वाफे करायचे, भरतीचे पाणी घ्यायचे, ऊन खाऊ द्यायचे आणि पीक काढायचे. मीठ पिकते ही कल्पना त्या एका पदात आहे. शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये सत्याग्रह झाला. त्याला आपण मीठसत्याग्रह म्हणतो. शब्दशः मीठ आणि सत्याचा आग्रह, एवढेच. मधे केवढे पद गळले आहे: मिठावरचा कर, तो लादणारा कायदा, तो उघडपणे मोडायचा निर्धार आणि त्यासाठी खाल्लेल्या लाठ्या. इतिहास शिकवणाऱ्याचे काम हे मधले पद प्रत्येक नव्या पिढीसाठी पुन्हा भरण्याचे असते.

खारफुटी हा शब्दही असाच: खारात फुटणारी. खाडीच्या चिखलात, जिथे दुसरे झाड जीव धरत नाही तिथे कोंब फोडणारी झाडे. खाडीकाठचा माणूस मात्र एकेका झाडाला कांदळ, तिवर, चिपी अशा नावांनी ओळखतो. राज्याच्या वनविभागात २०१२ मध्ये ‘कांदळवन कक्ष’ सुरू झाला आणि त्यातल्या एका झाडाच्या नावाने सगळ्या रानाचे सरकारी नाव ठरले. भरती-ओहोटीला आपल्याकडे भरती-सुकती म्हणतात. ओहोटी म्हणजे पाणी ओसरणे. सुकती म्हणजे किनारा कोरडा पडणे. पहिला शब्द पाण्याकडे पाहतो, दुसरा पाण्याने सोडलेल्या जागेकडे. ‘सुकती लागली तर होडी खाली बसतली’ असे होडीवाला म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे समुद्र नसतो, होडीचा तळ टेकणारी वाळू असते. किनाऱ्यावरून ज्यांना होडी लोटायची आणि ओढायची असते त्यांना सुकतीच महत्त्वाची. आपल्या या सगळ्या मुलखालाच तळकोकण म्हणतात. कोकणपट्टीचा हा खालचा, दक्षिणेचा भाग. तळहात आणि तळपाय यांतला ‘तळ’ तोच.

तळहातावरून मला कोरियन भाषेकडे वळायचे आहे, कारण हा संग्रह करताना ती भाषा फार उपयोगी पडली. आज मराठी घरांतली पोरे कोरियन मालिका पाहता पाहता तिचे शब्द उचलतात, आणि ते शब्द फोडून पाहिले की आपल्याच भाषेची आठवण होते. कोरियनमध्ये तळहाताला ‘सोनबादाक’ म्हणतात: सोन म्हणजे हात, बादाक म्हणजे तळ, जमीन. तळपायाला ‘बालबादाक’: पायाचा तळ. आपल्याकडे पदांची अदलाबदल, बाकी कल्पना तीच. मनगट म्हणजे ‘सोनमोक’, हाताची मान. घोटा म्हणजे ‘बालमोक’, पायाची मान. अश्रूंना ‘नुनमुल’ म्हणतात: नुन डोळा, मुल पाणी. मराठीतही डोळ्यांत पाणी येते. मालवणीत मात्र अश्रूंना दुकां म्हणतात. तिथे डोळाही नाही आणि पाणीही नाही, थेट दुःखच गालावर ओघळते.

कोरियन शिकलेले नसतानाही हे शब्द फोडून दाखवताक्षणी कळतात. कारण हात, पाय, डोळा आणि पाणी सगळ्यांकडे सारखे आहेत. मधले पद शरीरानेच भरून टाकलेले असते. पण ‘मुलगोगी’ घ्या: पाणी अधिक मांस, म्हणजे मासा. इथे मालवणचा माणूस थबकेल. त्याच्या लेखी मासे वेगळे आणि सागोती वेगळी. मासळी हे पाण्यातले मटण, असे तो कधी म्हणणार नाही. ‘बुलगोगी’ म्हणजे विस्तव अधिक मांस. विस्तवावर भाजलेले, एवढे ताडता येते. पण ते कसे कापायचे, कशात मुरवायचे, हे कोरियन घरात जेवल्याशिवाय कळणार नाही. ‘नोनबात’ म्हणजे शेतजमीन: नोन म्हणजे पाणी साठवून भात लावायचे शेत, बात म्हणजे कोरडवाहू शेत. आपल्याकडच्या मळा आणि भरड या जोडीशी हा शब्द इतका जुळतो की तो कोकणी शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. पठारावर गहू-ज्वारी पिकवणाऱ्याला मात्र सांगावा लागेल. यातून एक नियम हाती येतो. शरीराचे जोडशब्द परक्यालाही उलगडतात. जमिनीचे जोडशब्द तशाच जमिनीवर राहणाऱ्याला उलगडतात. रांधण्याचे, धंद्याचे आणि देवधर्माचे जोडशब्द उलगडायला त्या त्या गावात कोणाला तरी विचारावेच लागते. संग्रहाचे तीन भाग याच क्रमाने पाडले आहेत.

काही शब्दांत मधले पद तर सोडाच, सांधाही दिसेनासा झाला आहे. देऊळ हा जोडशब्द आहे असे आज कोणाला वाटत नाही. तो देवकुल, म्हणजे देवाचे घर. राजकुलाचे राऊळ झाले, आणि ते जिल्ह्यात आडनाव म्हणून घरोघरी आहे. माजघर म्हणजे मध्यगृह. माहेर म्हणजे मातृगृह, आईचे घर. या शब्दात बाप नाही, हे सासरी नांदणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावे लागत नाही. आजोळ म्हणजे आजाचे कुळ. मावशी म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. दुपार म्हणजे दोन प्रहर. गुरे राखतो तो गुराखी, हे अजून ऐकू येते. पण गोठा हा गोष्ठ, गो आणि स्थ, म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा, हे ऐकू येत नाही. त्याच गोष्ठापासून माणसे जमण्याच्या जागेला आणि जमावाला गोष्ठी म्हणू लागले, आणि तिथे जे बोलणे होते त्याची गोष्ट झाली. गोठ्याच्या आसऱ्याला बसून सांगितलेली गोष्ट ही दोन शब्दांची मुळातलीच भेट आहे. असे शब्द संग्रहाच्या शेवटी वेगळे दिले आहेत. त्यांचा सांधा उघडायला गावापेक्षा व्युत्पत्तिकोशाची मदत लागते.

देवधर्माच्या शब्दांवर मी सर्वांत अधिक जागा खर्च केली आहे, कारण त्यांची मधली पदे सर्वांत लांब आहेत. गावऱ्हाटी म्हणजे गावाची रहाटी, चालण्याची रीत. पण हा शब्द उच्चारला की त्यात ग्रामदेवता, तिचे मानकरी, गुरव, देवाला लावायचा कौल, देवांची प्रतीके असलेले तरंग, कोणी आधी ओटी भरायची आणि कोणी पालखीला खांदा द्यायचा याचा क्रम, हे सगळे येते. धयकालो म्हणजे दही अधिक काला. पण ‘आज धयकालो आसा’ असे म्हणणारा माणूस दहीकाल्याबद्दल बोलत नसतो. तो रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाला निघालेला असतो. जत्रेच्या रात्री देवळासमोर खेळ, पहाटे दहीहंडी फोडून काला, आणि शेवटच्या विधीने सगळ्या रात्रीला आपले नाव दिले.

गावपळण या शब्दापाशी मात्र थोडे थांबायला हवे. मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी आणि देवगड तालुक्यातल्या मुणगे अशा गावांत काही वर्षांच्या अंतराने, आणि वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात दरवर्षी, सगळा गाव घरे सोडून वेशीबाहेर राहायला जातो. देवाचा कौल घेऊन दिवस ठरतो. माणसे निघतात, आणि त्यांच्याबरोबर गुरे, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरेही निघतात. वेशीपलीकडे झापांच्या झोपड्या उभ्या राहतात, तिथे चुली पेटतात, भजने होतात, पोरे बागडतात. आचऱ्यात तीन दिवस आणि तीन रात्री गावात कोणी फिरकत नाही. मग पुन्हा कौल, आणि देवाने होकार दिला की गाव परत भरतो. आता शब्दाकडे पाहा. ‘गाव’ आणि ‘पळण’ यांच्या मधे परक्या माणसाला ‘-तून’ ऐकू येईल: गावातून पळणे. मुळात तसे नाही. पळणारा गावच आहे. घरे, देऊळ, बावी, भाताचे कुणगे जागच्या जागी राहतात. माणसे आणि जनावरे मिळून जो गाव होतो तो पळतो. गाव म्हणजे इमारती की वस्ती, असा प्रश्न कोणी विचारला तर या एका समासात त्याचे उत्तर आहे. आणि ते उत्तर कोणी ग्रंथात मांडलेले नाही. ते दर काही वर्षांनी बोचकी बांधून, गुरे सोडून, दारे ओढून घेऊन पाळले जाते.

जोडशब्द जुनेच असतात असे नाही. आरमारी किल्ल्यांना सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग अशी संस्कृत नावे विचार करून दिली गेली. शिवकाळातच राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना पर्याय सुचवण्यात आले. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला आणि दिनांक, क्रमांक, महापौर, दूरध्वनी असे त्यांचे शब्द आज सगळे वापरतात. असे हेतुपूर्वक घडवलेले शब्द पहिल्या दिवसापासून उघडे असतात. त्यांचे मधले पद घडवणारा स्वतःच सांगून ठेवतो. तरीही काळ त्यांनाही बदलतो. सिंधुदुर्ग म्हणजे समुद्रातला किल्ला. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेल्या जिल्ह्याला हेच नाव मिळाले, आणि आता आंबोलीच्या घाटमाथ्यावर राहणारा माणूसही सिंधुदुर्गातला असतो.

लोकांनी आपसूक घडवलेले नवे शब्द मला त्याहून जवळचे वाटतात. दशावतारात राजाचे काम करणारा नट राजपार्टी आणि स्त्रीभूमिका करणारा स्त्रीपार्टी. राज हे संस्कृत, पार्ट हे इंग्रजी, आणि सांधा असा बसला आहे की खेडोपाड्यांतल्या प्रेक्षकाला त्यात काही परके वाटत नाही. जत्रेच्या फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त’ नाटकांची जाहिरात असते. काजूगर या शब्दात काजू पोर्तुगीजांबरोबर आलेला आणि गर आपला. सड्यावरच्या जांभ्यात कोरलेल्या प्राचीन आकृतींना आधी कातळखोद चित्रे म्हणत, आता कातळशिल्प हा शब्द रूढ झाला आहे. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. वस्तू हजारो वर्षांची, शब्द आपल्या डोळ्यांदेखत जुळलेला. भाषा अजून सांधे जोडते आहे याचा हा पुरावा आहे.

आता पद्धतीविषयी. जोडशब्द फोडण्यात एक मोह असतो: जिथे सांधा नाही तिथेही तो दिसू लागतो. मालवण या नावाचीच दोन स्पष्टीकरणे लोक देतात. एक, महालवण, म्हणजे मिठाचा मोठा प्रदेश. दुसरे, माडांचे बन. दोन्ही ऐकायला गोड आहेत आणि दोन्ही या किनाऱ्याला शोभतात, पण शोभणे हा पुरावा नव्हे. वेंगुर्ल्याचे नाव ‘वेंगेत उरली’ म्हणून देवीच्या कथेशी जोडतात. अशा कथा या संग्रहात कथा म्हणूनच दिल्या आहेत, व्युत्पत्ती म्हणून नव्हे. विग्रह म्हणून तेवढेच दिले आहे जिथे दोन्ही पदे आजच्या बोलीत जिवंत आहेत, किंवा त्यांचा प्रवास कोशांनी निश्चित केला आहे. मोल्सवर्थचा १८३१ चा आणि वाढवून पुन्हा १८५७ साली निघालेला कोश, तसेच कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ यांचे ऋण मोठे आहे. मात्र कोशाचे काम शब्दाचा अर्थ देण्याचे; आमसुलाला किती पुटे द्यायची ते सांगण्याचे नव्हे. तिथे माहितगार माणसांचे बोलणे घेतले आहे, आणि गावागावांत फरक पडला तर दोन्ही रीती दिल्या आहेत.

मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, या वादात हा संग्रह पडत नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात कुडाळी या नावाने तिची नोंद कोकणीच्या अंगाने आहे. बोलणाऱ्यांचे शिक्षण, नाटक आणि पत्रव्यवहार मराठीत आहे. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने, आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने, ही बोली राज्यभर पोचवली. पण त्यामुळे ती अनेकांच्या मनात हशाशी जोडली गेली, हेही खरे. तिच्यात रांधण्याचे, पेरण्याचे, ओढण्याचे, पुजण्याचे जे ज्ञान साठले आहे ते तितक्याच गांभीर्याने वाचले जावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

घाई एका कारणासाठी आहे. शब्द लगेच मरत नाहीत. आमसूल पाकिटात मिळेल, फणसपोळी महामार्गावरच्या दुकानात मिळेल, गावपळण बातमीत येईल. दोन्ही टोके शाबूत राहतील. पुटे कशी चढवतात, रस कुठल्या उन्हात पसरतात, मुठेल किती निवले की वळायला घेतात, हे मधले पद मात्र ज्यांच्या हातात आहे ती माणसे सत्तरीच्या पुढची आहेत, आणि त्यांची मुले-नातवंडे मुंबईत, पुण्यात, आखातात आहेत. म्हणून या पुस्तकात प्रत्येक शब्दाखाली काही ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. सुट्टीत गावाला जाल तेव्हा पुस्तक बरोबर न्या. एक शब्द निवडा, तो घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवा आणि एवढेच विचारा: यात मधे काय? ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. इथे छापलेल्या विग्रहाशी ते जुळले नाही तर छापलेला खोडून त्यांचा ठेवा. व्याकरणाला विग्रहाचा हक्क आहेच. पण ज्यांनी ते काम हातांनी केले त्यांचा हक्क त्याच्याआधीचा आहे.